बाजारातली ती सोय

बोरगाव मेघे, वर्धा
१० नोव्हेंबर २००१

प्रिय रीता,

तळेघाटच्या भावी नगराध्यक्षांना एका शाळामास्तरणीचा मुजरा. काल आमच्या शाळेच्या चपराशानं ज्या कागदात भजी बांधून आणली, तो तुझ्या प्रचाराचा निघाला. तुमची पत्रकं वर्ध्याच्या भज्यांपर्यंत पोचली, म्हणजे भूपेंद्ररावांनी छपाईत हात आखडलेला दिसत नाही.

पत्रकावर तुझा फोटो पोस्टाच्या तिकिटाएवढा आहे आणि भूपेंद्ररावांचा तळहाताएवढा. खाली लिहिलंय, ‘भूपेंद्रभाऊंच्या सौभाग्यवतींना प्रचंड मतांनी विजयी करा’. तुझं नाव शोधायला मला चष्मा पुसावा लागला. तेल लागलेल्या कोपऱ्यात सापडलीस एकदाची.

मी नववीला नागरिकशास्त्र शिकवते, त्यामुळे हे सगळं मला कळलंच पाहिजे. इतकी वर्षं नगरसेवक आपल्यातूनच अध्यक्ष निवडायचे, म्हणजे एकमेकांना सहलीला नेऊन, जेवू घालून, कुठल्याशा फार्महाऊसवर कोंडून निवडायचे. आता सरकार म्हणतं, अध्यक्ष थेट लोकांनीच निवडावा. सत्ता दिल्लीहून मुंबईला आणि मुंबईहून गल्लीत आली, असं मी पोरांना फळ्यावर बाण काढून दाखवते. तुमच्याकडे ती गल्लीत आली आणि थेट भूपेंद्ररावांच्या सरकी-ढेपेच्या दुकानात शिरली.

भूपेंद्ररावांनी या खुर्चीसाठी काय कमी केलं? प्रत्येक मयतीला पुढे, प्रत्येक बारशाला पाळण्याजवळ. आणि ऐन वेळी सोडत निघाली, तर पद बायकांसाठी राखीव. बिचाऱ्यांनी सफारी शिवून ठेवला होता म्हणे. आता सफारी त्यांचा आणि पदर तुझा.

खरं सांग, तुला विचारलं तरी होतं का? आपण शाळेत एका बाकावर बसायचो तेव्हा वर्गाची मॉनिटर व्हायला तू नको म्हणालीस, कारण पोरांना गप्प बसवावं लागतं. आता पालिकेतल्या पोरांना कोण गप्प बसवणार आहे?

फोन करणार नाही. तुमचा फोन दुकानात, आणि तू हॅलो म्हटलंस की अर्धा बाजार कान देतो. पत्र लिही.

तुझा अजून तरी आदर न करणारी,
सुमती


तळेघाट
२० डिसेंबर २००१

सुमे,

आले निवडून. गुलाल अजून कानातून निघतोय. मिरवणुकीत जीपवर ह्यांना उभं केलं होतं, मी आत ड्रायव्हरशेजारी होते. लोक हार घेऊन यायचे, ह्यांच्या गळ्यात घालायचे आणि मग आत वाकून बघायचे की बाईसाहेब आहेत का.

विचारलं होतं का म्हणतेस. विचारलं ना. जेवताना, भाजीत मीठ कमी आहे का विचारावं तसं. मी तोंडातला घास गिळेपर्यंत सही कुठं करायची तेही दाखवून झालं होतं.

केबिनमध्ये माझ्या खुर्चीशेजारी आणखी एक खुर्ची आली आहे, माझ्याहून थोडी उंच. लोक तिला नमस्कार करतात. हे ‘अध्यक्षसाहेब’ आणि मी ‘वहिनी’. मुख्याधिकारी फाइल ह्यांच्यापुढे ठेवतात, हे वाचतात आणि माझ्याकडे सरकवतात. परवा एकानं माझ्याकडे तोंड करून तक्रार सांगायला सुरुवात केली, तर शिपायानंच त्याला ह्यांच्याकडे वळवलं.

आणखी गंमत ऐक. बाबाराव म्हणजे जुने अध्यक्ष, ते या वेळी नगरसेवक झाले आणि उपाध्यक्षही. सभागृहात माणसं त्यांची जास्त आहेत. म्हणजे लोकांनी मला निवडलं, आणि मला काही करू न देणारेही त्याच लोकांनी त्याच दिवशी निवडले. हे तुझ्या धड्यात आहे का?

पण एक गोष्ट मला काही सुचू देत नाही. प्रचारात मी बाजाराच्या दिवशी फिरत होते. सगळे रस्ता मागायचे, नळ मागायचे. वच्छलाबाई नावाची एक भाजीवाली आहे, तिनं काहीच मागितलं नाही. तिनं माझं मनगट धरलं आणि ओढत कापसाच्या जुन्या जिनिंगच्या पडक्या भिंतीमागे नेलं. तिथं दोघी बाया लुगडं आडवं धरून उभ्या होत्या आणि तिसरी आत बसली होती. पलीकडून माणसांची सायकलींवर ये-जा चाललेली. वास तर विचारू नकोस. वच्छलाबाई म्हणाली, “बस इथं. बसून दाखव. मंग मत मागजो.”

मी नाही बसले, सुमे. मला जमलंच नाही. मी म्हटलं, मी निवडून आले की पहिलं काम बाजारात बायकांच्या मुतारीचं. ती हसली. म्हणाली, “माहं मत तर तुह्या गावात नाईच. मी तिकडल्या खेड्यातली. तरी बांधतो म्हणतेस त बांध.” ती सकाळी सहाला घर सोडते आणि संध्याकाळी परत पोचेपर्यंत पाण्याचा थेंब घेत नाही. सगळ्याच तसं करतात.

ज्या बाईचं मत नाही तिला मी शब्द दिला आहे. बाकी हजारोंना ह्यांनी दिलेत, ते हे बघतील. हा एक माझा आहे.

तुझी,
रीता


बोरगाव मेघे
३ मार्च २००२

प्रिय अध्यक्षीणबाई,

सासूबाईंचा नवस फेडायला परवा गिरडला गेलो होतो. बस तुझ्या गावावरून गेली. म्हटलं, बघू या आमच्या मैत्रिणीचं राज्य.

तर गावाच्या तोंडाशी एक कमान उभी आहे. गुलाबी. दोन्ही बाजूंना सिमेंटचे हत्ती, त्यातल्या एकाची सोंड अजून ओली होती. वर बाबारावांच्या वडलांचं नाव. कमानीतून आत गेल्यावर काय आहे म्हणून मी मान बाहेर काढली, तर खड्डा होता आणि खड्ड्यात बस. माझं कपाळ खिडकीच्या गजावर आपटलं. तुझ्या कारकिर्दीची ही खूण अजून आहे कपाळावर.

हत्ती झाले, मुतारी कुठं आहे? वच्छलाबाईला पहिलं काम म्हणाली होतीस. कमान काय भूपेंद्ररावांनी सरकवलेल्या फाइलीत होती? बाबारावांच्या बापासाठी तुझी सही चालते आणि बायकांसाठी पेनातली शाई वाळते, असं काही आहे का?

रागावू नकोस. रागावलीस तर बरंच, निदान उत्तर लवकर येईल. आमच्या अनयला बारावीचा अभ्यास आहे आणि लेकीला, चारुताला, स्थळं बघतोय, त्यामुळे घरात माझं कुणी ऐकत नाही. तुझ्यावर तोंडसुख घेण्याशिवाय मला दुसरी करमणूक उरलेली नाही.

सुमती


तळेघाट
१८ एप्रिल २००२

सुमे,

कपाळाला तूप लाव. आणि हत्तींना नावं ठेवू नकोस, गावातली पोरं त्यांच्यावर बसून फोटो काढतात. लोकशाहीचा एवढा तरी उपयोग झाला.

तुला आमच्या पालिकेची रीत सांगते, मग तुला कळेल. इथं कुठलंही काम निघालं की त्याला कुणाच्या तरी वारलेल्या वडीलधाऱ्याचं नाव लागतं. रस्ता, नाली, चबुतरा, काहीही. ज्याचं नाव त्याच्या घराण्याचा माणूस ठराव मांडतो, ‘कैलासवासी अमुक यांच्या स्मरणार्थ’ असं वाचलं की अख्खी सभा उभी राहते, माना खाली घालते, मिनिटभर गप्प राहते आणि बसते. बसली की ठराव सर्वानुमते मंजूर. आजवर अशा ठरावाला कुणी विरोध केलेला नाही. मेलेल्या माणसाला विरोध करणार कोण? त्या घराशी जन्माचं वैर यायचं. बाबारावांच्या आणि आपल्या लोकांचं एरवी कशावर पटत नाही, पण एकमेकांच्या बापांसाठी सगळे उभे राहतात. गावात म्हणूनच रस्त्याला बाप आहे, पण डांबर नाही.

आता मुतारीचं ऐक. मी विषय घेतला. ह्यांना आवडलं नव्हतं, पण मी हट्ट धरला. विषय वाचला आणि सभेत असं झालं, जसं कुणाच्या घरात मोठा आवाज होऊन सगळे जेवायचे थांबावेत. पुरुषांना तो शब्दच उच्चारता येईना. सगळे म्हणत होते ‘ती सोय’. “वहिनी, ती सोय चांगलीच आहे, पण...” ह्या माणसांना आपल्या गल्लीतल्या गटारावर तासभर भाषण ठोकता येतं. नगरसेविका आहेत चार-पाच, पण त्यांचे नवरे मागच्या बाकावर बसलेले असतात आणि त्या बोलण्याआधी मागे बघतात. माझा नवरा तर शेजारच्याच खुर्चीत.

मग बाबाराव उठले. म्हणाले, “त्या बाया आपल्या मतदार नाईत. त्यायच्या गावच्या सरपंचाले सांगा ना बांधाले.” सगळे हसले. नंतर म्हणाले, नाव कुणाचं द्यायचं? कोण देतो आपल्या बापाचं नाव ‘त्या सोयी’ला? आणखी हसले. शेवटी बाजारात जागाच नाही असं ठरलं आणि विषय पुढे ढकलला.

तर असं आहे. जागा नाही, म्हणून होत नाही.

रीता


बोरगाव मेघे
९ जून २००२

रीता,

परवा मी तळेघाटला होते. चारुतासाठी एक मुलगा बघायला आलो होतो. मुलगा बघण्यासारखा नव्हता, पण बाजाराचा दिवस होता, म्हणून बाजार बघितला. तुझ्याकडे आले नाही. का, ते पुढे वाच.

मी भाजी घेतली आणि विचारत विचारत वच्छलाबाई शोधली. तोंडाची फाटकी आहे, मला फार आवडली. मी म्हटलं, बाजारात म्हणे जागा नाही. तिनं हातातली वांगी खाली ठेवली आणि बोट दाखवलं. तुमच्या दुकानासमोर, बाजाराच्या अगदी कोपऱ्यावर, लांबलचक पत्र्याची शेड आहे. आत ढेपेची पोती, बाहेर कुलूप. “हे कोनाचं हाय, इच्यारा बरं मॅडम,” ती म्हणाली. मी विचारलं. “अध्यक्षीणबाईचं. जागा नगरपालिकेची, पोते त्यायचे.”

मला आधी वाटलं ती चिडून बोलतेय. मग मी दोन दुकानदारांना विचारलं. सगळ्या गावाला माहीत आहे. तुझ्या सासऱ्यांनी ती शेड ठोकली, जागा बाजाराची, आणि आजवर कुणी हात लावला नाही.

आणि तू मला लिहितेस, जागा नाही. वर बाबारावांवर हसवतेस. मी तुझं पत्र घरी वाचून दाखवलं, सगळे हसले, मीही हसले.

इतके दिवस मला वाटत होतं तू बाहुली आहेस. बाहुली परवडली गं. तिला निदान माहीत नसतं तिच्या पोटात काय भरलंय.

उत्तर नको.

सुमती


तळेघाट
२२ सप्टेंबर २००२

सुमती,

उत्तर नको म्हणालीस, तरी लिहितेय. तीन वेळा फाडलं. मी तुला खोटं लिहिलं, आणि मला फार वाईट वाटतंय. तुझ्यासमोर तरी मला खोटं बोलायला नको होतं.

खरं असं आहे. शेड बाबूजींनी, म्हणजे मोतीलालजींनी, बांधली. मी लग्न होऊन आले तेव्हा ती होतीच. सासूबाई, सुमित्राबाई, अजून रोज सकाळी तिथं उदबत्ती लावतात, कारण बाबूजी तिथंच पोत्यावर बसून गेले. मला वाटायचं ती आपलीच जागा. मी विषय पत्रिकेवर घेतला तेव्हा सभेआधी पालिकेचा ओव्हरसिअर माप घ्यायला गेला, परत आला आणि माझ्याकडे न बघता ह्यांच्याकडे बघत राहिला. त्या दिवशी मला कळलं.

मी ह्यांना म्हटलं, हलवू या ना, आपलं गोडाऊन आहे मागे. ह्यांनी पहिल्यांदा आवाज चढवला. म्हणाले, “आपलंच आपल्या हातानं तोडाचं, त मंग निवडून काऊन आलो आपन?” मी म्हटलं, निवडून मी आले. त्यावर हे इतकं हसले की मला पाणी आणून द्यावं लागलं.

यात आणखी एक आहे, ते तुला त्या दुकानदारांनी सांगितलं नसेल. पालिकेच्या जागेवर ज्याच्या घरच्यांचं अतिक्रमण आहे, त्याचं पद राहत नाही, असं वकील म्हणतो. बाबारावांना शेड पहिल्या दिवसापासून माहीत आहे. पण आम्ही कोर्टात नाकारलं तर वर्षं जातील. त्यांना माझ्याच तोंडून ऐकायचंय की ती जागा पालिकेची आहे. म्हणून ते सभेत जागा नाही म्हणाले आणि माझ्याकडे बघून हसले. मी मुतारीसाठी ती जागा दाखवली की खुर्ची गेली.

म्हणजे लोकांनी मला जे दिलं, ते मी एकदाच वापरू शकते, आणि वापरलं की संपलं. आणि वापरलं नाही, तर ह्यांच्या खुर्चीशेजारी चार वर्षं बसून राहायचं.

मला भीती वाटते, सुमे. पद जाण्याची नाही. ह्या घरात मला राहायचं आहे.

रीता


बोरगाव मेघे
२ ऑक्टोबर २००२

रीता,

आज गांधी जयंती. आमच्या कोपऱ्यावर सकाळी पुढारी आले, काल झाडलेला रस्ता त्यांनी आज पुन्हा झाडला, फोटो काढले आणि झाडू तिथंच टाकून गेले. ते झाडू मी उचलून शाळेत नेले. वर्ध्यात राहण्याचे हे फायदे.

तुझं पत्र दोनदा वाचलं. तू मला खोटं लिहिलंस याचा राग अजून आहे, तो राहू दे, पण आता तो तुझ्यापुरता नाही.

खुर्ची जाईल म्हणतेस. अगं, तू त्या खुर्चीवर बसलीच आहेस कुठं? तू तिच्याशेजारी बसली आहेस. जे तुझ्याकडे नाहीच ते जाण्याची भीती कसली?

घराचं मला काही सांगता येत नाही. मी तुझ्या घरात राहत नाही, आणि दुरून शूरपणा शिकवणाऱ्या बायका मला आवडत नाहीत, मी त्यातली एक असले तरी. पण एक विचारते. तुझ्या सासूबाई इतकी वर्षं त्या दुकानात बसल्या असतील ना मोतीलालजींबरोबर? बाजाराच्या दिवशी त्या काय करायच्या?

सुमती


तळेघाट
२५ जानेवारी २००३

सुमे,

झालं. बस आणि वाच.

तू विचारलेलं मी सासूबाईंना विचारलं. त्या दळण निवडत होत्या. सुपातले खडे वेचून बाजूला टाकले. मग म्हणाल्या, दुकानात बसायला लागल्यापासून बाजाराच्या दिवशी दुपारी त्या म्हणायच्या, घरी दूध उतू गेलं असेल, बघून येते. बाबूजी चिडायचे, की दर बाजाराला दूध कसं उतू जातं. पुढे नवं घर लांब झालं तेव्हा त्यांनी बाजाराच्या दिवशी पाणी पिणंच सोडलं. मुतखड्यासाठी दोनदा नागपूरला नेलं होतं त्यांना, ते मला आता कळलं कशानं.

मी सगळं सांगितलं. शेड, वच्छलाबाई, पद. मला वाटलं, उदबत्तीची जागा आहे, रडतील. त्या म्हणाल्या, “जागा त्यायनं अडवली न बहू, त नाव बी त्यायचंच लाव.” पुन्हा दळण निवडायला लागल्या. मी हसत बसले आणि मग मला रडू आलं.

गेल्या आठवड्यात सर्वसाधारण सभा होती. विषयपत्रिकेवर मी एवढंच लिहिलं होतं, ‘बाजारातील विकासकाम’. ह्यांना वाटलं गाळे आहेत. मी उभी राहिले आणि वाचलं: “कैलासवासी मोतीलालजी यांच्या स्मरणार्थ...”

सगळे उभे राहिले, सुमे. बाबाराव उभे राहिले, त्यांचे सगळे उभे राहिले, मागच्या बाकावरचे नवरे उभे राहिले. भूपेंद्र तर सगळ्यात आधी, आपल्या बापाचं नाव म्हणून डोळे भरून आले होते त्याचे. माना खाली. मी त्या मिनिटात पुढचं वाचत राहिले. “...बाजाराच्या कोपऱ्यावरील नगरपालिकेच्या जागेत, तेथील पत्र्याची अतिक्रमित शेड हटवून, महिलांसाठी मुतारी बांधण्यात यावी.” शब्द मी पूर्ण उच्चारला, मोठ्यानं, ती सोय नाही म्हटलं. काही माना वर आल्या. पण उभं राहिल्यावर मध्येच बसता येत नाही, ती रीत नाही. मिनिट संपलं, सगळे बसले, आणि मी म्हटलं, ठराव सर्वानुमते मंजूर. मुख्याधिकाऱ्यांनी लिहून घेतलं. त्या माणसाला मी पहिल्यांदा हसताना पाहिलं.

बाबाराव तोंड उघडून बसले होते. विरोध करावा तर आत्ताच उभे राहून मान खाली घातलेली. मग त्यांना कळलं की त्यांना हवं होतं ते मी माझ्याच तोंडानं म्हटलं आहे, आणि चेहरा खुलला. दुसऱ्या दिवशी सकाळीच त्यांनी तक्रार दिली असं ऐकलं. देऊ दे.

भूपेंद्र माझ्याशी बोलत नाही. जेवायला येतो, ताट सरकवतो, जातो. पोती मात्र त्यानं स्वतः उभं राहून गोडाऊनला हलवली. शेड पाडली तेव्हा सासूबाईंनी तिथं शेवटची उदबत्ती लावली. मला खूप बरं वाटतंय.

रीता


बोरगाव मेघे
१७ ऑगस्ट २००३

रीता,

पेपरात वाचलं. ‘तळेघाटच्या नगराध्यक्षा अपात्र’. खाली दोन ओळी, आणि त्यातही तुझं नाव भूपेंद्ररावांच्या नावामागे. बाबाराव प्रभारी अध्यक्ष. फोटो त्यांचाच, हार आधीच आणून ठेवलेला दिसतोय.

मला रडू आलं. बाकी काही लिहायला सुचत नाही, आणि माझ्याबाबतीत हे किती क्वचित होतं ते तुला माहीत आहे.

नववीला काल विकेंद्रीकरणाचा धडा होता. एका मुलीनं विचारलं, बाई, लोकांनी निवडलेल्या माणसाला काढतं कोण? मी पुस्तकातलं उत्तर दिलं. ती खाली बसली, पण तिला पटलेलं नव्हतं, आणि मलाही नव्हतं.

मुतारी झाली का?

सुमती


तळेघाट
११ डिसेंबर २००३

सुमे,

झाली. दिवाळीच्या आधीच झाली. विटांची, तीन दरवाजे, वर पाण्याची टाकी. पुढच्या भिंतीवर संगमरवरात बाबूजींचं नाव. भूपेंद्र दुकानात बसला की समोर तेच दिसतं, म्हणून त्यानं गल्ला फिरवून घेतला आहे.

पण उघडली नाही. बाबाराव म्हणाले, उद्घाटन मंत्र्यांच्या हस्ते. ज्या माणसाला तो शब्द तोंडून काढता येत नव्हता, त्याला आता फीत कापायची होती. मंत्र्यांची तारीख मिळेना. एकदा मिळाली, तर त्यांना कळलं कशाचं उद्घाटन आहे, आणि त्यांना अचानक मुंबईला काम निघालं. कुलूप तसंच. बाजाराच्या दिवशी बायका नव्या कोऱ्या मुतारीच्या बाजूनं जिनिंगच्या भिंतीमागे जायच्या.

मी दोन अर्ज दिले. आता मी कुणीच नाही, त्यामुळे ते नीट वाचले गेले नसतील. वच्छलाबाई मला बघून तोंड फिरवायची. तिच्या लेखी मी कुलूपच दिलं होतं, आणि ती चुकत नव्हती.

परवा बाजार होता. सासूबाई म्हणाल्या, मला घेऊन चल. वय झालंय, चालवत नाही, तरी निघाल्या. बाबाराव भाजीच्या ओळीत लोकांशी बोलत उभे होते, आजूबाजूला त्यांची माणसं. सासूबाई सरळ त्यांच्यासमोर जाऊन उभ्या राहिल्या आणि सगळ्या बाजाराला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाल्या, “बाबाराव, किल्ली दे. मले मुताले जायचं हाय. नाव माह्या मालकाचं हाय, त पयली मी जाईन.”

बाबारावांनी इकडे बघितलं, तिकडे बघितलं. त्यांच्या माणसांना एकदम चपला दिसायला लागल्या. ते हळू आवाजात म्हणाले, “माय, मंत्रीसाहेब येऊन राह्यले ना पुढच्या...” सासूबाई म्हणाल्या, “मंत्र्याले लागली का? लागली असंन त येऊ दे, मी थांबतो.” कुणीतरी हसलं, मग सगळ्या बायका हसल्या. वच्छलाबाई तर टोपलीवर हात टेकून हसत होती. बाबारावांनी किल्ली मागवली. त्यांचा चेहरा त्यांच्या कमानीसारखा गुलाबी झाला होता.

सासूबाई आत गेल्या, बाहेर आल्या, मला हातांवर पाणी घालायला लावलं आणि घरी चालू लागल्या. तेवढंच उद्घाटन.

मग रांग लागली. इतकी की कांद्याच्या ओळीपर्यंत गेली. मला कुणी म्हणालं नाही की अध्यक्षीणबाई, तुम्ही पुढे व्हा. माझ्या पुढे कोथिंबीरवाली होती, मागे बांगड्यांची बाई, तिच्या मागे वच्छलाबाई. मी उभी होते. दुकानाच्या दारात भूपेंद्र येऊन बघत होता. आत गेला नाही, बोलावलंही नाही. मीही हलले नाही.

माझा नंबर आला. मी दार लावत होते तेव्हा मागून वच्छलाबाईचा आवाज आला, “अवं, लवकर निंगजो. बाजार चालू हाय माहा.”

रीता